पंपाला पाणी नको, पीठ हवं: बाहेरच्या प्लास्टरचा माल मशीनसाठी कसा कालवायचा

चाकणच्या बाजूला एका साइटवर पहिल्यांदा प्लास्टरचा पंप भाड्याने आणला तेव्हा आमची सगळ्यांची समजूत एकच होती, की यात वेगळं काय करायचंय, गवंडी थापीने मारतात तोच माल हॉपरमध्ये (मशीनच्या वरच्या टाकीत) ओतायचा आणि पुढे नोझलमधून (पाइपच्या टोकाच्या तोटीतून) उडवायचा. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), एकास चार म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, रोजचाच माल, ज्याने आतल्या तीन विंग्ज झाल्या होत्या. मशीन चालू केलं, पहिली तीन-चार मिनिटं एकदम मस्त, सगळे मोबाईल काढून व्हिडिओ घेतायत, आणि मग प्रेशरचा काटा हळूहळू वर जायला लागला, होज, म्हणजे माल नेणारा पाइप, काठीसारखा ताठ झाला, मोटरचा आवाज बदलला आणि बंद.

अशा वेळी साइटवरचा प्रत्येक माणूस एकच गोष्ट ओरडतो: पाणी वाढव. आम्हीही वाढवलं. दोन मिनिटं चाललं आणि आधीपेक्षा वाईट जाम झालं. मग प्रेशर उतरवून (ते कसं उतरवायचं ते पुढे सांगतो, घाईत कपलिंग, म्हणजे पाइपचा जोड, उघडू नका) होज सोडवला तर पुढच्या बाजूने आधी नुसतं राखाडी पाणी आलं, त्याच्यामागे हातभर लांबीचा वाळूचा गठ्ठा, इतका कोरडा आणि घट्ट की बारा एमएमच्या सळईने कोचून काढावा लागला, आणि त्याच्यामागे पुन्हा आपला नेहमीचा ओला माल. आमच्याकडे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी तो गठ्ठा तळहातावर चुरला आणि म्हणाले, "ह्यात सिमेंट कुठाय, ही तर धुतलेली वाळू हाय."

मामांच्या त्या एका वाक्यात सगळा विषय आहे. माल कोरडा होता म्हणून पंप जाम झाला नव्हता. मालातलं पाणी आणि सिमेंट पुढे पळून गेलं आणि वाळू मागे राहिली म्हणून झाला. आणि आम्ही अजून पाणी घातलं म्हणजे पळायला अजून पाणी दिलं.

हे नीट समजून घ्यायचं तर श्रीखंडाचा चक्का आठवा. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की पाणी निथळून जातं आणि आत घट्ट चक्का उरतो. होजमध्ये अगदी हेच होतं, फक्त फडक्याच्या जागी वाळू असते आणि वजनाच्या जागी पंपाचं प्रेशर. पंप मागून ढकलतो, तो दाब आधी पाण्यावर येतो, पाण्याला वाळूच्या कणांमधून वाट मिळाली तर ते निघून जातं, कण एकमेकांना टेकतात, आणि टेकलेले कण होजच्या भिंतीवर अडकून कमानीसारखे बसतात. त्यानंतर जितका जास्त दाब द्याल तितकी ती कमान घट्ट. म्हणून जाम झालेल्या होजला "अजून जरा जोर देऊन बघू" हा उपाय उलटा पडतो.

पाण्याला वाट मिळू नये म्हणजे काय करायचं, तर कणांमधल्या फटी बारीक पिठाने भरलेल्या पाहिजेत. पीठ म्हणजे इथे सिमेंट, चुना, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), दगडाची बारीक पावडर, जे काही पाण्यात मिसळून खळ होतं ते. ही खळ दोन कामं करते, एक तर पाण्याला धरून ठेवते, आणि दुसरं म्हणजे होजच्या आतल्या भिंतीवर पातळ थर बनवते आणि त्या थरावरून मधला सगळा माल एकसंध लोळ्यासारखा घसरत जातो. माल पाण्यासारखा वाहत नाही, सरकतो. चकली करताना सोऱ्यातून जे होतं तेच, भाजणी बारीक दळलेली आणि नीट मळलेली असेल तर सोऱ्या सहज फिरतो, आणि जाडसर राहिली तर कितीही पाणी लावा, चकली तुटते आणि हात भरून येतात.

आता जरा हिशोब करू, कारण हा हिशोब मला कुणी आधी सांगितला असता तर तो पहिला दिवस वाया गेला नसता. सिमेंटची ५० किलोची एक गोणी म्हणजे मापात ३५ लिटर, म्हणूनच आपला फरमा, म्हणजे वाळू मोजायची पेटी, ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरचा असतो, गुणून बघा, बरोबर ३५ लिटर येतात. एकास चार म्हणजे चार फरमे वाळू, १४० लिटर. कोरड्या वाळूत कणांमधली पोकळी साधारण ३५ ते ४० टक्के असते, आपण ३६ धरू, म्हणजे ५० लिटर पोकळी. आता ही भरायला आपल्याकडे काय आहे? सिमेंटची गोणी ३५ लिटरची दिसत असली तरी त्यात निम्म्याहून जास्त हवा असते, सिमेंटचे कण स्वतः १६-१७ लिटरच जागा घेतात. त्यात २८ लिटर पाणी घातलं तर खळ झाली ४५ लिटर. पोकळी ५०, खळ ४५. म्हणजे फटीच पुऱ्या भरत नाहीत, होजच्या भिंतीला लावायला उरणार कुठून? थापीने मारताना हे चालून जातं कारण थापीला प्रेशर नसतं आणि गवंडी हाताने दाबून जागा भरतो. पंपाला चालत नाही. आणि एकास सहा केलंत तर पोकळी जाते ७५ लिटरवर आणि खळ तेवढीच, तो माल पंपात घालूच नका.

आकडे अगदी काटेकोर नाहीत, वाळूगणिक बदलतील, पण गणित असंच चालतं. यात आता १० किलो हायड्रेटेड, म्हणजे विझवलेला, चुना घाला. चुन्याचे कण हलके, ते साडेचार-पाच लिटर जागा घेतात आणि स्वतःसोबत पाच-सहा लिटर पाणी धरून ठेवतात, म्हणजे खळ झाली ५५ च्या आसपास. आता पोकळी भरून वर थोडं उरतं. एवढ्याशा फरकावर तोच पंप, तोच होज दिवसभर चालतो.

चुना म्हटलं की नवीन इंजिनियर मुलं जरा तोंड वाकडं करतात, जुनाट वाटतो, पण आपल्याकडे घाणीत बैल फिरवून चुना मळायचे ते उगाच नाही, जितका मळला तितका तो लोण्यासारखा होतो आणि पाणी सोडत नाही. बाहेरच्या प्लास्टरला चुन्याचा अजून एक फायदा म्हणजे तडे कमी जातात. फक्त बांधकामाचा चांगला चाळलेला हायड्रेटेड चुनाच घ्या. अर्धवट विझलेले खडे राहिले तर ते भिंतीत गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फुगतात आणि प्लास्टरच्या टिकल्या उडतात. फ्लाय ॲशही चालते, पण तुम्ही पीपीसी सिमेंट वापरत असाल तर त्यात ती आधीच असते, तेव्हा वरून ढीगभर घालू नका, माल सावकाश घट्ट होतो आणि गवंडी पाटा मारायला (पट्टीने प्लास्टर सपाट करायला) ताटकळत बसतात.

आता वाळू, आणि इथे जरा थांबू, कारण आपल्याकडचा खरा त्रास इथे आहे. नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग झालंय, आणि जी येते ती चोरीची आहे की काय ते विचारायची सोय नाही. तर आपण सगळे क्रश सँडवर आलोय, म्हणजे आपला काळा दगड फोडून केलेली. नदीची वाळू हजारो वर्षं घासून गोल झालेली असते, कण एकमेकांवरून गोट्यांसारखे घरंगळतात. क्रश सँडचे कण टोकदार, ते एकमेकांत अडकतात, पोकळीही जास्त सोडतात, आणि वर पंपाचं रबर खातात. म्हणून घ्यायचीच तर व्हीएसआय मशीनची घ्या, त्यात दगड दगडावर आपटून कण जरा चौकोनी-गोलसर होतात, चपटे तुकडे कमी निघतात. आणि "क्रश सँड" एवढंच सांगून ट्रक मागवू नका, "प्लास्टर सँड" म्हणून सांगा, काँक्रीटची वेगळी असते, जाडी असते.

प्लास्टरच्या वाळूसाठी आयएस १५४२ नावाचं आपलं स्टँडर्ड आहे. त्यात चाळणीगणिक किती टक्के खाली पडलं पाहिजे ते दिलंय, ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून निदान ८० टक्के, ३०० मधून २० ते ६५ आणि १५० मधून जास्तीत जास्त १५. पंपवाल्याने यातल्या शेवटच्या दोन आकड्यांकडे बघायचं. ३०० मधून २० टक्के पडते ती वाळूही कागदावर पास, पण पंपात ती भांडते. मला स्वतःला ४० च्या आसपास असली की बरं वाटतं. आणि सगळे कण एकाच मापाचे असणं सगळ्यात वाईट, मोठे-मधले-बारीक असे सगळे पाहिजेत, म्हणजे मोठ्यांच्या फटीत मधले आणि मधल्यांच्या फटीत बारीक बसतात आणि खळ कमी लागते. एसटीत कसं, सीट भरल्या तरी मधल्या जागेत उभे असतात आणि उभ्यांच्या पायाशी पिशव्या.

बारीक पाहिजे म्हणून माती चालेल असं मात्र समजू नका. मातीही पाणी धरते, पंप तर तिच्यावर लोण्यासारखा चालेल, पण भिंतीवर सुकताना ती आकसते आणि प्लास्टरला जाळीसारखे तडे जातात. पंपाला आवडतं ते सगळं भिंतीला आवडतं असं नाही, हे या कामात सारखं लक्षात ठेवावं लागतं. पाण्याचंही तेच, हवेचंही तेच.

हवेचं म्हणजे काय, तर माल हलका आणि मऊ करायला काही केमिकलं येतात, त्यांनी मालात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात. ते बॉल बेअरिंगसारखे काम करतात आणि फटीही भरतात, म्हणजे वरच्या हिशोबात खळीचंच काम करतात. पण मिक्सर जास्त वेळ फिरवला, किंवा "एक झाकण सांगितलंय ना, दोन टाक" असं कुणी केलं, तर हवा इतकी होते की पंप ढकलतो आणि आत नुसते बुडबुडे दबतात, माल जागचा हलत नाही, स्पंजावर बुक्की मारल्यासारखं. शिवाय सुकल्यावर प्लास्टर नखाने खरवडलं जातं. दुसरी पावडर असते ती सेल्युलोजची, पाणी धरून ठेवणारी. ती फार थोडी लागते, कोरड्या मालाच्या एका किलोला एखादा ग्रॅम असा अंदाज, पण पाकिटावर असेल तेच माप घ्या. आणि ती कोरड्या सिमेंटमध्ये आधी नीट मिसळायची, पाण्यात थेट टाकली तर पिठल्यात बेसन टाकल्यावर होतात तशा गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी तयार मोर्टारच्या ४० किलोच्या बॅगा मिळतात, त्यात वाळू, सिमेंट, पावडरी सगळं मापात असतं, आपण फक्त पाणी घालायचं. महाग पडतात. पण होज फोडण्यात गेलेला एक दिवस, सहा गवंड्यांचा रोज आणि मशीनचं भाडं धरलं तर तितक्या महाग वाटत नाहीत. फक्त बॅगेवर "पंपासाठी" लिहिलंय का ते बघा, हाताने लावायची बॅग आणि मशीनची बॅग वेगळी असू शकते. आणि पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच, बादलीवर मार्कर पेनने रेघ मारून ठेवा, बिगारी बदलला तरी रेघ बदलत नाही.

साइटवरच कालवणार असाल तर क्रम असा ठेवा. मिक्सरमध्ये आधी पाणी, लागणाऱ्या पाण्यातलं तीन-चतुर्थांश. मग निम्मी वाळू, मग सिमेंट आणि चुना, मग उरलेली वाळू, आणि शेवटी हळूहळू उरलेलं पाणी. सिमेंट आधी टाकलं तर ते भांड्याच्या बुडाला चिकटून गोळे होतात आणि ते गोळे नंतर बरोबर नोझलमध्ये येऊन बसतात. सगळं पडल्यावर तीन ते पाच मिनिटं फिरवायचं. एक बॅच दोन मिनिटांची आणि पुढची आठ मिनिटांची असं झालं की पंपाला दर वेळी वेगळाच माल मिळतो आणि नोझलवरचा माणूस शिव्या घालतो, ते साहजिक आहे, त्याच्या हातातली धार सारखी बदलत असते. वाळू ओली असली की अजून एक घोळ, ओलसर वाळू फुगते, पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त, म्हणजे फरमा भरलेला दिसतो पण आत वाळू कमी असते, आणि तिच्यात पाणी आधीच असतं. पावसाळ्यात सकाळी ढिगाच्या वरची वाळू आणि दुपारी ढिगाच्या बुडाची वाळू या दोन वेगळ्या वाळू समजा.

माल जमलाय का हे बघायला लॅब नको, मामांची पद्धत सांगतो. मूठभर माल घ्यायचा आणि जोरात आवळायचा. बोटांमधून नुसतं पाणी गळलं तर होजमध्येही तेच होणार, माल पुन्हा कालवा. बोटांमधून पाणी न येता अख्खा मालच शेवेसारखा बाहेर आला आणि मूठ उघडल्यावर तळहातावर चकचकीत खळ राहिली तर चालू करा. मूठ उघडली आणि लाडू फुटला तर पीठ कमी आहे. मामा याला "मालाला अंग आहे की नाही" म्हणतात. दुसरी एक टेस्ट मी करतो, घमेल्यात माल घेऊन दहा मिनिटं ठेवायचा, वर पाण्याचं तळं साचलं तर तो माल थांबल्या-थांबल्या होजमध्येही पाणी सोडणार. (हातमोजे घाला बरं का, सिमेंटचं पाणी कातडी खातं, मामांच्या बोटांकडे बघून शिकू नका.)

आता पंपाबद्दल थोडं, म्हणजे त्याला काय सोसतं ते कळेल. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्यातले बरेचसे स्क्रूचे असतात, रबरी नळीत पिळाचा स्टीलचा रॉड फिरतो आणि माल पुढे सरकवत नेतो. ही कल्पना रेने मोइनो नावाच्या फ्रेंच इंजिनियरची, १९३० च्या सुमाराची. या पंपाचा शत्रू म्हणजे कोरडं फिरणं, मालच त्याचं वंगण असतो, हॉपर रिकामा ठेवून अर्धं मिनिट फिरवला तरी रबर जळतं. दुसरे असतात पिस्टनचे, ते जाड मालही ढकलतात, पण धार धक्क्याधक्क्याने येते. भिंतीवर सिमेंट उडवायच्या मशीनची गोष्ट मात्र त्याहून जुनी आणि गमतीशीर आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या इमारतीचं बाहेरचं प्लास्टर पडायला आलं होतं आणि ते दुरुस्त करायला १९०७ साली तिथल्या कार्ल एकली नावाच्या माणसाने सिमेंट गन बनवली. हा एकली काही इंजिनियर नव्हता, तो मेलेल्या प्राण्यांची कातडी साच्यांवर चढवून ते म्युझियमसाठी उभे करायचा. त्याच्या मशीनमध्ये कोरडा माल हवेने उडायचा आणि पाणी थेट नोझलपाशी मिळायचं, म्हणजे आपला हा होजमधला चक्क्याचा त्रास त्याने टाळलाच होता, बदल्यात धूळ आणि भिंतीवरून उसळून वाया जाणारा माल. ओला माल पंपाने भिंतीवर मारायच्या मशीनचं मोठं नाव म्हणजे जर्मनीचं पुट्झमाइस्टर, १९५८ साली कार्ल श्लेख्ट यांनी सुरू केलं, जर्मनमध्ये पुट्झ म्हणजे प्लास्टर आणि माइस्टर म्हणजे उस्ताद. आज आपण ते नाव काँक्रीट पंपावर वाचतो, गोव्यात वेर्ण्याला त्यांचा कारखानाही आहे, पण नावात अजून गिलावाच आहे.

होज जोडताना नियम एकच, सगळ्यात जाड कणाच्या निदान तिप्पट होजचा व्यास, आणि मोठ्या होजवरून लहानावर एकदम उडी नको, मध्ये उतरता तुकडा लावा. ती पायरी म्हणजे वाळूला अडकायची हक्काची जागा. होज वाकवला तर बैलगाडीच्या चाकाएवढं वळण ठेवा, परांचीच्या पाइपवर काटकोनात मुडपू नका. वर चढवताना दर १० मीटर उंचीला साधारण २ बार प्रेशर नुसतं वजन उचलण्यात जातं, कारण माल पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, आणि घासण्यात जातं ते वेगळं, ते बहुतेक वेळा यापेक्षा बरंच जास्त असतं.

सुरू करताना कोरड्या होजमध्ये थेट माल सोडायचा नाही. कोरडा होज पहिल्या मालातली खळ पिऊन टाकतो आणि त्याच्या तोंडाशीच वाळूचा बुचा तयार होतो, आमचं पहिल्या दिवशी हेही झालं असणार. आधी पाण्याने ओला करायचा, ते पाणी काढून टाकायचं, मग चुन्याची किंवा सिमेंटची दाटसर खळ, ताकासारखी नाही, इडलीच्या पिठासारखी, आठ-दहा लिटर, आणि तिच्यामागे लगेच माल. पुढून आलेली ही खळ भिंतीवर मारू नका, बादलीत घ्या.

सगळ्यात जास्त होज कधी जाम होतात सांगू? चहाच्या सुट्टीनंतर. ३० मीटरच्या पस्तीस एमएम होजमध्ये २९ लिटर माल असतो, जवळपास ५८ किलो, तो काळ्या होजमध्ये एप्रिलच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं पडला की खाली बसतो आणि घट्टही व्हायला लागतो. तर चहाला जायचं असेल तर आळीपाळीने जा, एकाने नोझल हॉपरमध्ये उलटं सोडून माल फिरता ठेवायचा, आणि होजवर ओली पोती टाकायची. जेवणाची सुट्टी असेल तर सरळ होज रिकामा करा. आणि कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा, घट्ट झालेल्यावर पाणी मारून परत मऊ केलेला माल पंपातून जाईलही, भिंतीवर त्याची ताकद राहत नाही.

जाम झालाच तर. पंप बंद, मग उलटा फिरवायचा, काटा शून्यावर येईपर्यंत. काटा बिघडलेला असू शकतो म्हणून होज हातानेही दाबून बघायचा, मऊ पडला पाहिजे. तरीही कपलिंग उघडताना तोंड बाजूला, चष्मा घातलेला, वर पोतं टाकलेलं. एका साइटवर एका पोराने ताठ होजचं कपलिंग हातोडीने उडवलं होतं, सिमेंट डोळ्यात गेलं, पंधरा मिनिटं नळाखाली धरलं आणि दवाखान्यात नेलं, डोळा वाचला, पण तो पोरगा परत मशीनजवळ आला नाही. जाम कुठे आहे हे शोधायला होजवरून चालत जाऊन पायाने दाबत जा, बाकी होज मऊ लागतो आणि जिथे पायाला कडक लागतो तिथे बुचा असतो. तेवढाच तुकडा सोडवून झटकायचा.

चालायला लागलं की वेग मात्र डोळे फिरवणारा असतो. मिनिटाला २० लिटर देणारा पंप १२ एमएमचा थर मारत असेल तर मिनिटाला पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एक ब्रास (शंभर चौरस फूट) सहा मिनिटांत. आणि मग कळतं की अडचण आता पंपाची नाही, पाटा मारणाऱ्यांची आहे, मागे दोनच गवंडी असतील तर भिंत सुकत जाते आणि ते धावत राहतात. मशीन गवंडी कमी करतं असं विकणारे सांगतात, माझ्या अनुभवाने ते बिगारी आणि वरखाली वाहतूक कमी करतं, गवंडी तेवढेच लागतात, उलट जरा हुशार लागतात.

बाहेरच्या प्लास्टरचे दोन हात असतात, पहिला १२-१५ एमएमचा आणि दुसरा त्याहून पातळ, दोन्ही पंपाने होतात. पण त्यावरचं फिनिश, टेक्स्चर म्हणा, त्याचं गणित जरा निराळं. इथे जाम होण्यापेक्षा शेडची भीती मोठी. बादलीतून तयार येणारं अॅक्रिलिकचं टेक्स्चर असेल तर एक बादली संपली की दुसरी उघडायची असं करू नका, तीन-चार बादल्या मोठ्या ड्रममध्ये एकत्र करा, निम्मं संपलं की त्यातच पुढच्या बादल्या मिसळा, म्हणजे दोन बॅचमधला रंगाचा बारीक फरक भिंतीवर रेघ होऊन दिसत नाही. वर साय धरली असेल तर ती ढवळून आत घेऊ नका, काढून टाका, आणि जाळीतून गाळून घ्या. ढवळायचं ते कमी स्पीडच्या पॅडलने, ड्रिल फुल स्पीडवर लावलं की फेस येतो आणि भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. नोझल कणाच्या दोन-तीन पट, दीड-दोन एमएमच्या दाण्याला चार ते सहाचं. पाणी एका ड्रममध्ये अर्धा लिटर आणि दुसऱ्यात दीड असं झालं तर दाणा वेगळा बसतो, सकाळी काही दिसत नाही, चार वाजता पश्चिमेचं तिरकं ऊन भिंतीवर पडलं की सगळा नकाशा दिसतो. पश्चिमेची भिंत ऊन यायच्या आधी सकाळी करा, आणि एक पट्टा ग्रूव्हपासून (प्लास्टरमधल्या खाचेपासून) ग्रूव्हपर्यंत न थांबता पुरा करा. खालचं प्लास्टर नीट पाणी मारून पिकलेलं आणि मग पूर्ण सुकलेलं असू द्या, नाहीतर आतलं क्षार घेऊन पाणी बाहेर येतं आणि नव्या रंगावर लोणा फुटतो.

संध्याकाळी हॉपरमधला माल संपत आला की पंप कोरडा पडायच्या आत पाणी घालायचं, आणि होजमध्ये मागच्या बाजूने स्पंजचा बॉल घालून पाण्याने ढकलायचा. बॉल होजपेक्षा थोडा मोठाच असतो, आतली सगळी खळ पुसत पुढे जातो. पुढचं तोंड एकाने ड्रममध्ये खाली धरून उभं राहायचं, नाहीतर तो बॉल गोळीसारखा सुटतो. ते पाणी गटारात सोडू नका, ड्रममध्ये रात्रभर ठेवलं की सिमेंट तळाशी बसतं. आमच्याकडे दोन बॉल होते, एक पहिल्याच आठवड्यात साइटवरच्या पोरांनी क्रिकेटला नेला, तेव्हापासून दुसरा काम झालं की मामा धुवून पिळून स्वतःच्या डब्याच्या पिशवीत टाकतात.